हिटलरच्या फोटोला दोन बोटं: 'द गूस स्टेप्स आउट' आणि १९४२ सालचं हसू

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, आणि स्वयंपाक करता करता ऐकत असाल तर कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरू नका, मागच्या वेळी एकीची डाळ माझ्यामुळे करपली होती.

तर, आजचा विषय एका प्रश्नावरून सुचला. एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, आम्ही दिवसभर मीम बनवतो, राजकारण्यांची खिल्ली उडवतो. पण त्याने होतं काय? कोणाची खुर्ची हलते का?" मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि तीनदा खोडलं. कारण खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. मग म्हटलं, ज्यांच्या डोक्यावर खरोखरचे बॉम्ब पडत होते, ती माणसं कशावर हसत होती ते बघू. आणि शोधता शोधता मी एका जुन्या ब्रिटिश सिनेमापाशी पोहोचलो. नाव आहे 'द गूस स्टेप्स आउट'. साल १९४२. कृष्णधवल, लांबी जेमतेम सव्वा तास. म्हणजे दादर ते कर्जत एका फेरीत संपतो.

आधी नावाची गंमत. 'गूस स्टेप' म्हणजे ती नाझी सैनिकांची चाल. गुडघा न वाकवता पाय ताठ वर फेकायचा आणि धाडकन आपटायचा. तुम्ही जुन्या चित्रफितींमध्ये पाहिलीच असेल. बघणाऱ्याला धडकी भरावी म्हणून ती चाल. इंग्रजांनी तिलाच सिनेमाचं नाव करून टाकलं, जणू एखादं बदक डुलत डुलत बाहेर फिरायला निघालंय.

आता गोष्ट. विल्यम पॉट्स नावाचा एक शाळामास्तर आहे. अगदी निरुपयोगी मास्तर. त्याला स्वतःलाच काही येत नाही, पण आव असा आणतो की सगळं ब्रह्मांड याच्या खिशात. इंग्रजांनी एक जर्मन हेर पकडलेला असतो, आणि तो दिसायला हुबेहूब आपल्या पॉट्ससारखा. मग काय, सरकार ठरवतं, या मास्तरालाच त्या हेराच्या जागी जर्मनीत पाठवायचं. तिथे एक कॉलेज आहे, जिथे हिटलर यूथची पोरं इंग्लंडमध्ये हेरगिरी करायला तयार केली जातात. पॉट्सने तिथे शिरायचं आणि जर्मनांच्या एका नव्या गॅस-फायर बॉम्बचं गुपित पळवून आणायचं. म्हणजे जो माणूस स्वतःच्या वर्गात शांतता ठेवू शकत नाही, त्याच्या हातात देशाची सुरक्षा.

आणि तिथे गेल्यावर त्याला काम काय मिळतं? शिकवण्याचं! या भावी हेरांना इंग्रज माणूस कसा वागतो, कसा बोलतो, हे शिकवायचं. म्हणजे पुन्हा फळा, पुन्हा खडू, पुन्हा द्वाड पोरं.

या सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग याच वर्गात घडतो. भिंतीवर हिटलरचा मोठा फोटो लावलाय. पॉट्स मास्तर गंभीर चेहऱ्याने पोरांना सांगतो की इंग्लंडमध्ये आदर दाखवायचा तर असा नमस्कार करतात. आणि दोन बोटं वर करून, हाताचा मागचा भाग समोर ठेवून, ती खूण करून दाखवतो. पोरं बिचारी शिस्तीची. सगळी उभी राहतात आणि आपल्या लाडक्या फ्यूररच्या फोटोला अगदी मनापासून दोन-दोन बोटं दाखवतात.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? व्हिक्टरीची खूण तर आहे. थांबा. तळहात समोरच्याकडे असेल तर ती विजयाची खूण. पण हात उलटा फिरवला, बोटांची पाठ समोर केली, की ब्रिटनमध्ये ती चक्क शिवी होते. आपल्याकडे मधलं बोट दाखवतात ना, तशातलाच प्रकार. म्हणजे अख्खा नाझी वर्ग हिटलरला एका सुरात शिवी घालतोय, आणि त्यांना वाटतंय आपण सलाम ठोकतोय. १९४२ च्या प्रेक्षकाला हे समजावून सांगायची गरजच नव्हती.

या 'व्ही'ची पण एक कथा आहे, ती सांगतो, कारण ती आपल्या मीमवाल्या श्रोत्याच्या कामाची आहे. जानेवारी १९४१ मध्ये व्हिक्टर द लावले नावाच्या बेल्जियन माणसाने बीबीसी रेडिओवरून आपल्या देशबांधवांना सुचवलं की नाझींच्या विरोधाची खूण म्हणून 'व्ही' हे अक्षर वापरा. कारण बेल्जियममध्ये फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी ते विजयाचं पहिलं अक्षर, आणि फ्लेमिश बोलणाऱ्यांसाठी स्वातंत्र्याचं. दोन भाषांचा देश, आणि दोघांना एकच अक्षर पुरलं. खडूचा एक तुकडा असला की काम झालं. रात्री भिंतीवर दोन रेघा ओढायच्या आणि पळायचं. मग बीबीसीने त्याला आवाज दिला. मोर्स कोडमध्ये 'व्ही' म्हणजे तीन टिंबं आणि एक रेघ. डड-डड-डड-डाऽऽ. ऐकल्यासारखं वाटतंय ना? बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात तशीच आहे. म्हणजे जर्मन संगीतकाराची धून जर्मनांच्याच विरोधात वाजायला लागली. कॉपी-पेस्ट करायला सोपं, दिसायला छोटं, पकडायला अवघड. मीम अजून वेगळं काय असतं?

जुलै १९४१ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी ही मोहीम उघडपणे उचलून धरली. आणि गंमत म्हणजे साहेब स्वतः कित्येकदा हात उलटा धरूनच खूण करायचे! त्यांच्या खासगी सचिवाने डायरीत नोंद करून ठेवली आहे की या खुणेचा दुसरा अर्थ पंतप्रधानांना वारंवार सांगूनही ते काही ऐकत नाहीत. म्हणजे सिनेमातला विनोद हवेतून आलेला नव्हता. रस्त्यावर, कारखान्यात, पबमध्ये लोक आधीच त्यावर हसत होते. सिनेमाने तो फक्त उचलून हिटलरच्या फोटोसमोर नेऊन ठेवला.

अजून एक. त्याच काळात चार्ल्स रिडली नावाच्या माणसाने एक छोटी चित्रफीत बनवली. त्याने नाझींच्या प्रचारपटातली, ती पाय आपटत जाणाऱ्या सैनिकांची दृश्यं घेतली, ती पुढे-मागे, पुढे-मागे अशी फिरवली, आणि मागे 'लॅम्बेथ वॉक' या त्या वेळच्या नाचाचं संगीत लावलं. झालं! ते ताठ सैनिक नाचायला लागले. आज आपण रील बनवताना जे करतो, अगदी तेच. फरक एवढाच की त्याला फिल्म कात्रीने कापून चिकटवावी लागली.

बरं, आता सिनेमातल्या माणसांबद्दल. पॉट्सचं काम करणारा नट म्हणजे विल हे. त्या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या विनोदी नटांपैकी एक. दिग्दर्शनही त्याचंच, जोडीला बेसिल डिअर्डन, आणि निर्मिती ईलिंग स्टुडिओची. विल हेने आयुष्यभर साधारण एकच पात्र केलं. नाकावर घसरलेला चष्मा, नाकातून सूं सूं आवाज, आणि पोरांपुढे हरणारा ढ मास्तर. स्टेजवर सुरू केलेलं हे सोंग त्याने सिनेमात आणलं आणि ते चाललं.

पण खरा विल हे? तो होता हौशी खगोलशास्त्रज्ञ. आणि हौशी म्हणजे 'अय्या, चंद्र किती छान' असा नाही. लंडनमध्ये घरी दुर्बीण लावून हा माणूस रात्ररात्र आकाश बघायचा. ३ ऑगस्ट १९३३ च्या रात्री त्याला शनीवर एक मोठा पांढरा डाग दिसला. ते शनीवरचं प्रचंड वादळ होतं. साधारण तीसेक वर्षांनी असं वादळ उठतं. १८७६ आणि १९०३ मध्ये दिसलं होतं, त्यानंतर हे १९३३ चं. खगोलशास्त्राच्या इतिहासात या शोधापुढे एका विनोदी नटाचं नाव आहे. त्याने दुर्बिणीवर एक पुस्तकही लिहिलं. एका लघुग्रहाला त्याचं नाव दिलेलं आहे. दिवसा पडद्यावर 'मला काही येत नाही' असं सोंग करणारा माणूस रात्री शनीची मापं घेत होता. मला हे इतकं आवडलं की मी दोन मित्रांना फोन करून सांगितलं. एकाने विचारलं, "साडेसाती उतरवतो का तो?" असे मित्र.

आता वर्गातल्या पोरांकडे या. त्या नाझी विद्यार्थ्यांमध्ये एक गुबगुबीत तरुण आहे, पीटर उस्तिनोव. पुढे याने दोन ऑस्कर मिळवले. तेव्हा जेमतेम विशीतला होता. आणि त्याच्या घरची गोष्ट सिनेमापेक्षा भारी आहे. त्याचे वडील लंडनच्या जर्मन दूतावासात काम करत होते. १९३५ मध्ये त्यांच्याकडे पुरावा मागण्यात आला, की तुमच्यात ज्यू रक्त नाही हे सिद्ध करा. त्यांनी नकार दिला, नोकरी सोडली, ब्रिटिश नागरिक झाले आणि ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यासाठी, एमआय-५ साठी, काम करू लागले. म्हणजे बघा, पडद्यावर पोरगा खोटा जर्मन हेर, आणि घरी बाप खरा हेर, तोही जर्मनांच्या विरोधात! त्याच वर्षी उस्तिनोव ब्रिटिश सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला.

इथपर्यंत सगळं मजेत चाललंय. मीही सिनेमा बघताना इथपर्यंत मजेत होतो. मग मी एक चूक केली. १९४२ साली अजून काय काय चाललं होतं, ते शोधायला गेलो.

फेब्रुवारी १९४२. सिंगापूर पडलं. २१ जून १९४२. उत्तर आफ्रिकेत लिबियातलं तोब्रुक जर्मनांनी घेतलं. तीस हजारांहून जास्त सैनिक एका झटक्यात कैदी झाले. त्यात आपली एक पलटण होती, पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन. साताऱ्याची, कोल्हापूरची, कोकणातली पोरं. त्यांनी हिटलरला कधी पाहिलं नव्हतं, इंग्लंडही पाहिलं नव्हतं. ती वाळवंटात लढली आणि तारेच्या कुंपणाआड गेली. तो सिनेमा त्यांना हसवायला बनवलेला नव्हता. पण ज्या युद्धावर तो हसतोय, त्यात ती होती.

आणि त्याच वर्षीचा ऑगस्ट तर आपल्याला पाठच आहे. ८ ऑगस्ट, मुंबई, गवालिया टँक. 'छोडो भारत'. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजी आणि सगळे मोठे नेते अटकेत. म्हणजे जे सरकार लंडनमध्ये स्वातंत्र्याचा 'व्ही' दाखवत होतं, त्याच सरकारने इथे स्वातंत्र्य मागणाऱ्यांना उचलून तुरुंगात टाकलं. तोब्रुकच्या कैद्यांपैकी एखाद्याचा भाऊ त्याच महिन्यात गावी पोलिसांची काठी खात असेल, हे अगदी शक्य आहे. दोघंही १९४२ चेच.

मग मला तो सिनेमा खोटा वाटायला लागला. म्हटलं, तुम्ही कसले हिटलरला हसता? आधी आरशात बघा.

पण तेवढ्यात आणखी एक गोष्ट सापडली, आणि विचार पुन्हा फिरला. त्याच १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये दुसरा एक सिनेमा तयार होत होता, 'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप'. तो ब्रिटनच्याच सैन्यातल्या जुनाट, फुगलेल्या अधिकाऱ्यांची टर उडवत सुरू होतो, आणि वर त्यात एक चांगला जर्मन माणूस आहे. चर्चिल भडकले. सप्टेंबरमध्ये त्यांनी आपल्या मंत्र्याला लिहिलं की हे थांबवता येईल का बघा. ज्या नटाला मुख्य भूमिकेत घ्यायचं होतं, त्या लॉरेन्स ऑलिव्हिएला नौदलाने सोडलं नाही. पण सिनेमा बनला. १९४३ मध्ये लंडनमध्ये लागला. पंतप्रधानांना नको असूनही लागला.

इथे मला फरक दिसला. शत्रूवर हसायला परवानगी लागत नाही, उलट सरकारच पैसे देतं. कस लागतो तो स्वतःच्या माणसांवर हसताना. ब्रिटनमध्ये घरच्यांना, म्हणजे गोऱ्यांना, ती मुभा होती. आपल्याला, गुलामांना, नव्हती. आणि जर्मनीत तर कोणालाच नव्हती.

जर्मनीचं सांगतो. फ्रिट्झ ग्रुनबाउम हा व्हिएन्नाचा लाडका विनोदी कलाकार, ज्यू होता. जानेवारी १९४१ मध्ये तो डाखाऊच्या छळछावणीत मेला. रॉबर्ट डोर्साय, जर्मन विनोदी नट. राजवटीवर विनोद केले म्हणून १९४३ मध्ये त्याला मृत्युदंड दिला. विल हे पडद्यावर जे करत होता, त्याचा एक तुकडा जरी या दोघांनी केला तरी किंमत जीव होती. म्हणजे विचारा ना, विनोदाने काहीच होत नसेल तर एवढी मोठी राजवट दोन नटांना का घाबरली?

आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या राजाला काय काय ऐकवतो, तुम्हाला माहीतच आहे. 'महाराज' म्हणत म्हणत अब्रू काढतो. तो राजाची गादी घेत नाही. वग संपल्यावर राजा राजाच असतो. पण समोर बसलेल्या माणसाने तासभर राजाला माणसाच्या मापात पाहिलेलं असतं. ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

तरीसुद्धा, मंडळी, मी हा भाग इथे संपवला तर ते अर्धवट राहील. कारण या हसण्याची दुसरी बाजू आहे.

'द गूस स्टेप्स आउट'मधले नाझी मूर्ख आहेत. बावळट आहेत. एका ढ मास्तराला ओळखता येऊ नये इतके. प्रत्यक्षात २० जानेवारी १९४२ ला बर्लिनजवळ वान्झे इथल्या एका बंगल्यात काही अधिकारी जमले होते. सुशिक्षित लोक, त्यात कितीतरी डॉक्टरेट झालेले. युरोपभरच्या ज्यूंना संपवण्याच्या कामाची वाटणी त्यांनी तिथे केली, फाइल आणि कागद घेऊन, दीडेक तासात. ते बावळट नव्हते. सिनेमा बनवणाऱ्यांना याची पुरती कल्पना नव्हती. त्याच वर्षी १७ डिसेंबरला ब्रिटनच्या संसदेत परराष्ट्रमंत्री ईडन यांनी या कत्तलीबद्दलचं निवेदन वाचून दाखवलं, तेव्हा सगळे खासदार शांतपणे उभे राहिले. ज्या वर्षी लोक हिटलरला दोन बोटं दाखवून हसले, त्याच वर्षाच्या शेवटी ती शांतता आली.

चार्ली चॅप्लिनने १९४० मध्ये 'द ग्रेट डिक्टेटर' केला होता. नंतर आत्मचरित्रात त्याने कबूल केलं, की छळछावण्यांमध्ये खरोखर काय चाललंय हे माहीत असतं, तर मला तो सिनेमा करता आला नसता. चॅप्लिनसारखा माणूस हे म्हणतो, तेव्हा आपण जरा थांबायला हवं.

विनोदात हा धोका असतोच. ज्याची आपण रोज खिल्ली उडवतो, तो आपल्याला विदूषक वाटायला लागतो. आणि विदूषकाला कोण घाबरतं? त्याच्यावर नजर कोण ठेवतं? आपण हसत बसतो आणि तो शांतपणे फाइलवर सही करत असतो.

तर, प्रश्न विचारणाऱ्या मित्रा, माझं उत्तर हे. आज ते न खोडता देतो. मीमने खुर्ची हलत नाही. हिटलर काही विल हेच्या दोन बोटांनी हरला नाही. तो रशियाच्या बर्फात, आफ्रिकेच्या वाळूत, इटलीच्या डोंगरात हरला, आणि तिथे लढणाऱ्यांमध्ये मराठा पलटणीही होत्या. पण आज रात्री आपल्या छपरावर बॉम्ब पडेल का, हे ज्याला माहीत नाही, तो माणूस तिकीट काढून अंधारात बसतो आणि ज्याच्या नावाने झोप उडते त्याच्यावर पोट धरून हसतो. मग घरी जातो, आणि सकाळी उठून परत कामावर जातो. हे छोटं नाही. भीती गेली नाही, पण ती त्याच्या मानगुटीवरून उतरून बाजूच्या खुर्चीत बसली.

तेव्हा मीम बनवा, जरूर बनवा. फक्त माझ्यासारखे दोन प्रश्न स्वतःला विचारत जा. पहिला, मी फक्त समोरच्या पार्टीवर हसतोय, की माझ्या आवडत्या माणसावरही हसू शकतो? दुसरा, फॉरवर्ड केल्यावर मी बातमी पूर्ण वाचली का? कारण हसून झाल्यावर फाइल कोणती सही झाली, ते बघायचं काम उरतंच.

विल हेचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. १९४३ मध्ये त्याने आणखी एक सिनेमा केला, तो शेवटचा. तब्येत ढासळत गेली आणि १९४९ मध्ये तो गेला. शनीवरचं ते पांढरं वादळ मात्र परत येत राहिलं, १९६० मध्ये, १९९० मध्ये. २०१० मध्ये उठलं तेव्हा आपलं कॅसिनी यान तिथे शनीभोवती फिरत होतं, त्याने जवळून फोटो काढले. ते फोटो नेटवर मिळतील, बघा. आणि बघताना आठवा, की यातला एक डाग पहिल्यांदा ज्याने पाहिला, तो पडद्यावर पोरांकडून मार खाणारा मास्तर होता.

सिनेमा बघितलात तर तो वर्गातला प्रसंग कसा वाटला ते नक्की कळवा. आणि घरात कोणाचे पणजोबा, आजोबा त्या युद्धात मराठा पलटणीत असतील, तर त्यांच्याबद्दल घरच्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. उद्यावर टाकू नका. ऐकलेलं मला पाठवलंत, तर त्यावर एक वेगळा भाग करू.

चला, कुकर बंद करा. भेटू पुढच्या भागात.